पाचच्या भोंग्याला खाल्लेले गोल

२२ नोव्हेंबर. आज कारखान्याजवळच्या अवधपुरीतल्या घराचा माळा रिकामा केला. उद्या सकाळी बाबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, अरेरा कॉलनीत माझ्याकडे न्यायचं आहे. टेम्पो साडेसातला येणार, त्यामुळे बांधाबांध आजच संपवायला हवी होती.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यानंतर सहा वर्षं ते एकटे राहिले, आणि नीट राहिले. या पावसाळ्यात जिन्यावर पाय मुरगळला, घोटा अजून सुजतो. मग एक दिवस त्यांनीच फोन केला, "ये अन् घेऊन जा." मी सगळे मुद्दे काढून वादाची तयारी करून ठेवली होती. ती वाया गेली.

माळ्यावर पितळेचा बंब निघाला, दोन फुटके हिटर, मराठी मंडळाच्या नाटकातली लाकडी तलवार, आणि कोपऱ्यात वनस्पती तुपाचा चौकोनी डबा. त्यात पांढऱ्या सुती पट्टीच्या गुंडाळ्या होत्या. पांढऱ्या म्हणजे आता ताकासारख्या पिवळसर. बोटभर रुंदीची पट्टी, घट्ट गुंडाळलेली, प्रत्येक टोक आत खोचलेलं. दोर संपलाच होता. मी एक गुंडाळी सोडली आणि पुस्तकांचं खोकं बांधायला लागले.

खाटेवरून बाबा म्हणाले, "काय करून राहिली? ती खोक्यांची नाही."

"मग कशाची?"

"पायांची," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

मी पट्टी नाकाशी नेली. निलगिरीच्या तेलाचा वास कधीच उडून गेला असणार, तरी मला तो आला. त्यामागून चुन्याचा आला आणि ओल्या काळ्या मातीचा. मी स्टुलावर बसले. पाच मिनिटं, असं ठरवून बसले.

बाबा कारखान्यात वाइंडिंगच्या कामावर चार्जमन, म्हणजे एका तुकडीचे मुकादम होते. मोठमोठ्या मोटरींच्या आत तांब्याची वेटोळी असतात. त्यांच्यावर पट्टी गुंडाळायची, मग ती वार्निशात बुडवून भाजायची. पट्टीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर यायला हवा. कमी आला तर मोटर जळते, जास्त आला तर वेटोळं खाचेत बसत नाही. बाबांच्या सदऱ्याला कायम त्या वार्निशाचा वास असे. आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि तरी आमच्या क्वार्टरच्या दोन्ही खोल्यांत तोच वास असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना असाच वास येतो. आमच्या गल्लीपुरतं ते बरोबर होतं.

आणि भोंगा. वसाहतीत बाकीचे त्याला सायरन म्हणत, बाबा नागपूरचे म्हणून भोंगा. पाळ्यांचे छोटे भोंगे वेगळे; मोठे दोन, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. पाचचा भोंगा लांब, सुरुवातीला जड आणि शेवटी खाली येत जाणारा. तो वाजला की हजारो सायकली गेटातून बाहेर पडायच्या, रस्त्यावर नुसता घंट्यांचा आवाज, दारादारातून स्टोव्ह पेटल्याचा वास. मी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची. घड्याळ आमच्याकडे होतं, पण ते मंडळाने लग्नात दिलं होतं आणि मागे चालायचं.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वसाहतीतल्या आमच्या कॉलेजचे खेळाचे सर निवृत्त झाले. फुटबॉलचा संघ बिनमालकाचा झाला. कुणीतरी प्राचार्यांना सांगितलं की वाइंडिंगमधला तो मराठी चार्जमन तरुणपणी नागपुरात चांगला खेळायचा. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. बाबांनी वरिष्ठांकडे अर्ज केला, हंगामापुरती मला रोज पहिली पाळी द्या, म्हणजे दुपारी दोनला सुटून मैदानावर जाता येईल. तोपर्यंत त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. बढतीसुद्धा नाही.

प्राचार्यांनी मुदत घातली ती सरळ शब्दांत. पहिले चार सामने. त्यांत काही जमलं नाही तर फुटबॉल बंद, मैदान क्रिकेटला. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "चार म्हणजे फार कमी नाही का?" बाबा म्हणाले, "मला एक पण पुरला असता." ते असं बोलायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

मदतीला त्यांनी सलीमभाईंना घेतलं. सलीमभाईंचं वसाहतीच्या फाटकाशी सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. ते जुने गोलकीपर, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकलेली. पान खात, सगळ्यांना 'खाँ' म्हणत, गोलच्या मागे टायरवर बसत आणि तिथूनच शिकवत. बाबा शांत आणि सलीमभाई बोलके. पोरांना दोघंही पसंत नव्हते.

ते मैदान आता मला दिसतं ते सप्टेंबरातलं. पाऊस ओसरलेला, कडेला कासाचं गवत पांढरं फुललेलं. माती काळी, चिकट. चार पावलं पळालं की बुटाखाली दुसरा बूट तयार होई, आणि पोरं काटक्या घेऊन माती खरवडत बसत. चुन्याच्या रेषा बाबा स्वतः मारायचे, बुडाला भोकं पाडलेल्या डब्याने, वाकून, मागे मागे सरकत. आणि सराव सुरू होण्याआधी घोट्यांना निलगिरीचं तेल आणि वर ही पट्टी. बाबांनी चौकातल्या दुकानातून स्वतः आणली होती, कारखान्यातली वीतभरसुद्धा घरी येत नसे. बावीस गुंडाळ्या, अकरा जणांच्या बावीस घोट्यांना. बाबा एकेकाचा पाय मांडीवर घेऊन शिकवायचे. "आधे पे आधा. पूरा नहीं, आधे पे आधा."

आमचा कॅप्टन तिवारी म्हणून होता, लांब केसांचा, कॉलेजात त्याच्याभोवती कायम चार जण. तो पाय पुढे करून म्हणाला, "सर, हम कोई मोटर हैं क्या?"

टायरवरून सलीमभाई म्हणाले, "मोटर होते तो चलते, खाँ."

हे दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात पोहोचलं. माझं नाव 'मोटरवाले की बेटी' पडलं ते तेव्हापासून. मला राग तिवारीचा आला नाही, बाबांचा आला. माझ्याच कॉलेजात यायची काय गरज होती, असं मी आईला म्हटलं. आई कढीपत्ता तोडत होती. "तुझ्याच कॉलेजात कशाला जातील? त्यांच्या मैदानावर जातात ते," ती म्हणाली.

पाचचा भोंगा झाला की सराव संपे. हा बाबांचा नियम, कारखान्यातून जसाच्या तसा आणलेला. भोंगा झाला की हातातलं खाली. भोंग्यानंतर माणसाचं मन घराकडे जातं आणि मग बोटं जातात, असं ते म्हणत. भोंग्याच्या पहिल्या आवाजाला पोरं चेंडू जागच्या जागी थांबवायची, सलीमभाई जाळीची पिशवी उघडून धरायचे, आणि भोंगा संपेपर्यंत सगळे चेंडू आत. बाबांना त्याचा अभिमान होता. "पाहा, शिस्त," असं एकदा मला म्हणाले होते.

शहरातल्या मैदानावर दसऱ्यापर्यंत मेळा होता, म्हणून पहिले चारही सामने आमच्याकडेच ठरले. साडेचारला सुरू. पहिला आम्ही दोन शून्यने हरलो. नवा संघ आहे, होतं असं, असं सगळे म्हणाले. दुसऱ्याला मी मैत्रिणीबरोबर, नीलूबरोबर, पायऱ्यांवर बसले होते. तासापूर्वी कुणीतरी समोसे आणले होते, त्याचे तेलकट कागद वाऱ्यावर फिरत होते. शून्य शून्य चाललं होतं. भोंगा झाला.

"किधर चली?" नीलू म्हणाली.

मी उभी होते. ओढणी झटकून खांद्यावर घेतलेली, एक पाय खालच्या पायरीवर. "चाय का पानी…" असं मी म्हणत होते आणि तेवढ्यात समोर गोल झाला.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या पायऱ्या उभ्या होत्या. लोक खिशात सायकलच्या किल्ल्या चाचपत होते. मैदानात आमचे तीन बॅक सरळ उभे, हात कमरेवर, दिवस संपल्यासारखे. एक जण बुटाची नाडी सोडायला वाकलासुद्धा होता. शहरातल्या मुलांना आमच्या भोंग्याशी काय देणंघेणं? ती खेळत राहिली होती. एक शून्यने हरलो.

रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, गोल पाचला होतो."

"गोल बॅकच्या चुकीने होतो."

"दोन्ही सामन्यांत भोंग्यावर झाला. पहिल्यातला एक आणि आजचा. नीलूला पण आठवतं."

"भोंगा काय फुटबॉल खेळते?"

"ती सांगते ते ऐका तरी," आई म्हणाली.

बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "वीस वर्षं झाली मी माणसांना भोंग्यावर हात थांबवायला शिकवून राहिलो. त्यात वाईट काय आहे?"

"कारखान्यात काही नाही," आई म्हणाली. "पण ही पोरं अजून लागलीत कुठे तुमच्या कारखान्यात?"

ताटात वाढलेलं सगळं बाबांनी संपवलं आणि उठले.

तिसऱ्या सामन्यात तिवारीने लवकर गोल केला. पायऱ्यांवर ढोलक आलं. मी मात्र मैदानाकडे पाहत नव्हते, बाबांकडे पाहत होते. ते नेहमीच्या जागी, चुन्याच्या रेषेबाहेर, शेजारी स्टँडवर लावलेली सायकल. पाच वाजायच्या आधीच त्यांनी बचावाच्या पोरांना हाक मारून सांगितलं, "ध्यान रखना." म्हणजे माझं म्हणणं त्यांनी ऐकलं होतं. मग भोंगा झाला. समोरच्या संघाच्या बाकावरून एक जण ओरडला, "बज गया, बज गया, मार!" त्यांनाही कळलं होतं तर. आमची पोरं सैल पडली ती डोळ्यांना दिसावी इतकी. गोलकीपर चक्क जाळीच्या पिशवीकडे पाहत होता. आणि भोंग्याखालून मला एक लहानसा आवाज ऐकू आला, खट्. बाबांनी सायकल स्टँडवरून उतरवली होती. दोन्ही हात हँडलवर. तोंड घराकडे.

चेंडू त्यांच्या मागे जाळीत गेला तेव्हा ते वळले. तिवारी मैदानाच्या मध्यातून त्यांच्याकडेच पाहत होता.

दोन एकने हरलो. नंतर सगळ्यांसमोर तिवारी म्हणाला, "सर, आप ही घर जा रहे थे."

"हाँ," बाबा म्हणाले.

एवढंच. सलीमभाई काहीतरी सारवासारव करणार होते, बाबांनी हाताने थांबवलं. घरी येताना मी मागे मागे चालत होते. ते सायकल हातात धरून चालले, बसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सराव चारला सुरू होऊन साडेपाचला संपायला लागला. भोंगा मध्ये यायचा. बाबांनी पोरांना वर्तुळात बसवून सांगितलं की चूक माझी आहे, मीच तुम्हाला थांबायला शिकवलं, आता मीच काढायची. भोंगा झाला की टायरवरून सलीमभाई ओरडायचे, "चालू रखो, खाँ! चालू रखो!" पहिले तीन दिवस कुणालाच जमलं नाही. पाय पळत, पण वेग जायचा, पंखा बंद केल्यावर पाती फिरतात तसा. चौथ्या दिवशी एक जण भोंग्यात चुकून जोरात लाथ मारून बसला आणि सगळे हसले. त्यानंतर थोडं थोडं सुटायला लागलं. मी पाहायला जायची. मीही शिकत होते. भोंगा झाला की पायरीची कड घट्ट धरून बसायची. आमच्या घरचा चहा साडेपाचवर गेला आणि आई म्हणाली, आपलं डोकं त्यामुळेच दुखतं.

त्या दिवसांत रस्त्याकडेची सातविणीची झाडं फुलली होती. तो वास गोड, जड, संध्याकाळी जास्त. बाजारात दुर्गेच्या झाँकीचे, म्हणजे देखाव्यांचे, बांबू उभे राहत होते. बाबा येताना ओल्या पट्ट्या पिशवीतून आणायचे आणि आई त्या अंगणात तारेवर वाळत घालायची, बावीस लांबच लांब पांढऱ्या रेषा, मैदानासारख्या. मी त्यांच्याखालून वाकून आत जायची. हे सगळं सुंदर आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. माझी परीक्षा होती आणि वर्गात अजून मोटर चालू होती.

चौथ्या सामन्याला बाबा चालत गेले. सायकल घरी, कुलूप लावून, किल्ली आईकडे. प्राचार्य खुर्ची मागवून बसले होते. पावणेपाचला शून्य शून्य. पाच वाजता भोंगा झाला आणि पायऱ्यांवरचे सगळे उठले, नेहमीप्रमाणे. मी उठले नाही. मैदानावर कुणी थांबलं नाही. शहरातला फॉरवर्ड त्या एका क्षणाची वाट पाहत चेंडू घेऊन उभा होता, ते दिसत होतं, आणि आमच्या बॅकने तो त्याच्या पायातून काढून घेतला. तिवारीकडे दिला. तिवारी पळाला. भोंगा अजून चालूच होता आणि त्याच्याखाली बुटांचा धप्प धप्प आवाज. मला तो पहिल्यांदा ऐकू आला. उठलेले लोक तसेच अर्धवट राहिले, मग एकेक जण खाली बसला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. उजवा पाय उचलला गेला होता. त्यांनी तो सावकाश, होता तिथेच परत ठेवला.

तिवारीचा फटका खांबाला लागला.

उत्तरार्धात, सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला असताना, शहरातल्या मुलांनी एक गोल केला. चांगला गोल होता. कुणाची चूक नव्हती, त्यांचा तो मुलगाच चांगला होता. आम्ही एक शून्यने हरलो.

प्राचार्य उठून बाबांशी हात मिळवून गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं. बाबा पायरीवर बसून चपला काढत होते. "हरलो," ते म्हणाले. मग दुसरी चप्पल काढताना, "पण आज फुटबॉलमध्ये हरलो."

प्राचार्यांनी शब्द पाळला. दिवाळीआधी गोलचे खांब उपटले. बाबा पुन्हा तीन पाळ्यांत फिरायला लागले. एका दुपारी ते दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी दारात तिवारी उभा होता, हातात हा डबा. पोरांनी पट्ट्या धुतल्या होत्या.

"गिन लीजिए, सर. बाईस हैं."

बाबांनी अंगणात बसून खरंच मोजल्या. एक उकलून पाहिली, पुन्हा गुंडाळली. "ठीक है," म्हणाले. तिवारीला चहा दिला मी. तो माझ्याकडे न बघता कप घेऊन म्हणाला, "अच्छे सिखाते थे." मी म्हटलं, "उनसे बोलो." तो कप खाली ठेवून गेला. वर्गात मोटर मात्र त्या आठवड्यापासून बंद झाली.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला होता. मी शेजारून दोर आणून खोकं बांधलं. सोडलेली पट्टी पुन्हा गुंडाळून सगळ्या मोजल्या, बावीसच होत्या. बंब भंगारवाल्याला दिला, तलवार ठेवली. संध्याकाळी पाचला भोंगा झाला. आताचा आवाज पातळ आहे, आणि सायकलींच्या घंट्या नाहीत. बाबांनी उशाशी ठेवलेली गोळी घेतली. संध्याकाळची गोळी ते भोंग्यावर घेतात. अरेरा कॉलनीत हा आवाज येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं.

२३ नोव्हेंबर. आज सकाळी टेम्पो वेळेवर आला. सामान चढवून साडेसातचे पावणेआठ झाले. टेम्पो पुढे पाठवला, बाबांना मी माझ्या गाडीतून नेणार होते. बाबांचा घोटा रात्रीत पुन्हा सुजला होता आणि दाराला तीन पायऱ्या आहेत. मी डब्यातून एक गुंडाळी काढली, जमिनीवर बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ते म्हणाले, "आधे पे आधा." मी उकलून पुन्हा गुंडाळलं. या वेळी काही बोलले नाहीत. टोक आत खोचलं.

ते दुसऱ्या पायरीवर असताना आठचा भोंगा झाला. त्यांचा उजवा पाय हवेत थांबला. हात कठड्यावर, तोंड घराकडे वळत होतं.

"चालू ठेवा, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी पाय खाली ठेवला, तिसऱ्या पायरीवर, मग जमिनीवर. भोंगा संपेपर्यंत ते गाडीपाशी पोहोचले होते. मी दार ओढलं, कुलूप लावलं आणि डबा पुढच्या सीटवर ठेवून गाडी सुरू केली.